पहिला प्रकल्प घेवड्याच्या कोंबाचा घ्यावा

आपण वर्गात प्रथमच डिजिटल माध्यमाचा प्रकल्प घेणार असाल, तर लघुपटाच्या मागे न लागता एका दाण्याच्या अंकुरण्याची ठरावीक अंतराने छायाचित्रे काढून ती चित्रफितीत जोडण्यापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली, पहिला कथापट काढण्यापूर्वी, वाटाण्याचे रोप वाढताना असेच टप्प्याटप्प्याने टिपले होते. आज त्यासाठी एक जुना मोबाइल पुरतो.

काचेच्या पेल्यात आतून ओला टिपकागद लावून काच आणि कागद यांच्यामध्ये घेवड्याचे भिजवलेले दाणे ठेवावेत. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला रबराने घट्ट बांधावा, फोकस व प्रकाश लॉक करावा आणि पेल्याची व चळतीची जागा बाकावर खडूने आखून घ्यावी. माझ्या वर्गात एकदा तिसऱ्या दिवशी झाडलोट करताना बाक सरकला आणि मुलांची सारी मेहनत वाया गेली. तेव्हापासून ती रेघ मी कधीही चुकवलेली नाही.

सेकंदाला १२ छायाचित्रे धरली, तर १० सेकंदांना १२० लागतात. ती आठवडाभरात कशी विभागायची, याचा हिशेब मुलांनाच फळ्यावर मांडू द्यावा. शाळा बंद असताना कोंब वाढतो आणि चित्रफितीत मध्येच उडी दिसते. ती लपवू नये. त्या रात्री पेल्यात काय घडले असेल, हेच निवेदनात लिहायला सांगावे आणि ते मुलांच्या घरच्या बोलीतच ध्वनिमुद्रित करावे, कारण मुले आपल्या बोलीत बोलू लागली की निरीक्षणे कितीतरी बारकाईने सांगतात.