नवीन घरात मूल ‘घरी चला’ म्हणतं तेव्हा

पाडवा झाला, अक्षय तृतीया झाली की घरांचे ताबे घेतले जातात. सामान हलतं एप्रिल-मेमध्ये, शाळेला सुट्टी असते म्हणून. आणि माझ्याकडचे फोन वाढतात जुलैच्या सुमारास. पलीकडून आई दबक्या आवाजात बोलत असते, कारण तक्रार करायचीही तिला लाज वाटते. “मॅडम, एवढं छान घर घेतलं, हिच्यासाठी वेगळी खोली केली, आणि ही रोज संध्याकाळी दाराशी जाऊन म्हणते, घरी चला.” कुणाचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलेलं असतं. हाताने जेवणारं मूल भरवून मागतं, तर कुणी आईला अंघोळीलाही एकटं जाऊ देत नाही. सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच असतो: आमचं काही चुकलं का?

मी लहान मुलांच्या मनाशी निगडित अडचणींवर काम करते, ठाण्यात बसते. माझ्याकडे येणारी पुष्कळ कुटुंबं लालबाग-परळ, गिरगाव, नायगावच्या चाळींतून उठून डोंबिवली, बदलापूर, उलव्याला गेलेली असतात. लांब गेलं तरच हे होतं असंही नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या चाव्या मिळाल्या, तेव्हा १६० चौरस फुटांच्या खोलीतली माणसं तिथल्या तिथे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. अशा घरांतली लहान मुलंही काही दिवस बिथरतात. पत्ता तोच असला तरी दाराबाहेर पाय टाकला की शेजारी, ही सोय गेलेली असते.

एका मुलीची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. रेवा म्हणू तिला. वय साडेचार, पाठचा भाऊ दीड वर्षाचा. लालबागच्या खोलीत आजी, काका-काकू आणि हे चौघं असे राहत होते. बदलापूरला टू बीएचके घेतला, आजी आणि काका तिकडेच राहिले. बाबांचं ऑफिस परळला, अकाउंट्समध्ये. वर्षभराहून जास्त काळ कोरडी झोपणारी रेवा रोज अंथरूण भिजवू लागली. आणि रोज साडेसहा-सातला स्वतःच्या चपला घालून दाराशी उभी राहू लागली.

पहिल्या भेटीत बाबाच बोलत होते. मोबाइलवर त्यांनी मला रेवाच्या खोलीचे फोटो दाखवले. गुलाबी पलंग, छताला अंधारात चमकणारे तारे. “ह्या खोलीत ती एक रात्र झोपली नाही हो.” हप्ता पगाराच्या निम्म्याला टेकलेला. आजीचं म्हणणं पडलं की वास्तू मानवली नाही, शांत पुन्हा करा. मी अशा गोष्टींना हसत नाही. म्हटलं, “करायची तर जरूर करा, चार माणसं घरात येतील. पण त्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन लघवी तपासून घ्या.”

हे सगळ्यांनाच सांगते. पाचच्या आतल्या मुलाचं रात्री अधूनमधून भिजणं हा आजार नव्हे. पण सहा महिने किंवा जास्त कोरडं राहिलेलं मूल पुन्हा भिजवू लागलं, तर मनाकडे जाण्याआधी शरीर बघायचं. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, क्वचित साखर. मूल एकाएकी खूप पाणी पीत असेल, सारखी लघवी होत असेल, वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रेवाच्या तपासण्या स्वच्छ आल्या.

“ती घरी चला म्हणाली की तुम्ही काय म्हणता?” मी विचारलं.

“हेच आपलं घर आहे म्हणतो.”

“मग?”

“मग ती नाही म्हणते. मी हो म्हणतो. मग ती रडते.”

आई काहीच बोलली नव्हती. तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, “मी कुकर लावायला निघून जाते.”

रेवा माझ्याशी बोलेना. बोलावं असा माझा आग्रहही नसतो. माझ्या खोलीत चटईवर लाकडी ठोकळे आणि कापडी बाहुल्यांची एक टोपली असते. लहान मुलाला ‘तुला काय वाटतं’ असं विचारून काही हाती लागत नाही, हे माझं जुनं मत. त्याच्या हाताला काम द्यावं आणि आपण गप्प बसावं. पुढच्या एका भेटीत तिने आपणहून दोन घरं मांडली. पहिलं म्हणजे नुसता एक चौकोन. त्यात सात बाहुल्या एकीला एक चिकटवून आडव्या घातल्या. दुसऱ्याला बऱ्याच भिंती. मग जुन्या घरातून एकेक बाहुली उचलून तिने नव्यात नेली.

“ही आई, किचनमध्ये. हा बाळ. ही मी.” एवढं करून ती थांबली.

“आणि बाबा? न्यायचे राहिले का?”

“नाही. बाबा तिकडेच राहतात.”

“अच्छा. आणि इकडे?”

“इकडे रविवारी येतात आमच्याकडे.”

बाबा माझ्या मागे खुर्चीत बसले होते. मी वळून बघितलं नाही, कारण रेवा माझ्याकडे बघत होती आणि तिला त्यात काही विशेष सांगितल्यासारखं वाटत नव्हतं. तिने सरळ माहिती दिली होती. मी विचारलं, “बाबा तिकडे काय करतात?” ती म्हणाली, “झोपतात. आजी डबा देते.”

तिच्या बाजूने हिशेब मांडून बघा, एकही चूक सापडणार नाही. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. बाबा सव्वासहाला घर सोडतात तेव्हा ती झोपलेली. रात्री साडेनऊ-दहाला येतात तेव्हाही झोपलेली. शनिवारही कामाचा. महिनाअखेर असली किंवा पावसात गाड्या रखडल्या की ते लालबागलाच मुक्काम करतात आणि तिथून फोन लावतात. फोनवर मागे आजीचा आवाज. आई म्हणते, “बाबा आज घरी थांबलेत, आजीकडे.” हा ‘घरी’ शब्द रेवाने नीट ऐकून ठेवला होता. लालबागला असताना बाबा सातच्या आत चालत घरी यायचे. सातला चपला घालून ती दाराशी का उभी राहायची, ते आता वेगळं सांगायला नको.

नंतर रेवा आईबरोबर बाहेर गेली. बाबा बराच वेळ ठोकळ्यांकडे बघत होते. मग म्हणाले, “मॅडम, मी रोज रात्री आल्यावर आधी तिच्या अंगावर पांघरूण घालतो.”

मी म्हटलं, “ते तुम्हाला माहीत आहे. तिला कुठे माहीत आहे?”

मला विचाराल तर या केसमधलं सगळं काम त्या पाच मिनिटांत झालं. उरलेलं घरच्यांनी केलं. हे ऐकू यावं म्हणून मात्र आधी बराच वेळ गप्प बसावं लागलं, आणि इतक्या वर्षांत एवढं एक मला बऱ्यापैकी जमू लागलंय, असं म्हणायला हरकत नाही. तोवर आई, बाबा, आजी आणि शाळेतल्या बाई, सगळ्यांनी निदान करून टाकलं होतं की तिला चाळीतल्या मैत्रिणींची, अंगणाची आठवण येते. येतही असेल. पण मोठी माणसं हरवलेली जागा शोधतात. लहान मूल हरवलेलं माणूस शोधत असतं.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९६९ ते १९८० या काळात तीन खंड लिहिले, ते मुख्यतः याच गोष्टीबद्दल: मुलाची सुरक्षितता ठरावीक माणसांशी बांधलेली असते, आणि ते माणूस दिसेनासं झालं की मूल आधी आकांत करतं, मग खचतं. मी त्याच वळणाची आहे, हे लपवत नाही. घर बदललं आणि मूल बदललं असं कुणी सांगितलं, की माझा पहिला प्रश्न असतो: घर बदलल्यामुळे घरातल्या कुणाची वेळ बदलली? हप्त्यासाठी आईने नोकरी धरली का? सांभाळणारी आजी मागे राहिली का? दहापैकी आठ वेळा उत्तर तिथेच सापडतं.

मग मी बाबांना सांगितलं, निघण्याआधी तिला उठवा. आई चमकली. “सहाला? झोप मोडून?” म्हटलं, रात्री अर्धा तास लवकर झोपवा. बाबांचा चहा होईपर्यंत तिने ओट्याजवळ स्टुलावर बसायचं, बाबांचा डबा पिशवीत तिने घालायचा आणि त्यांच्यामागे दाराची कडी आईच्या मदतीने तिने लावायची. बाबा याच घरातून निघतात, हे तिला रोज डोळ्यांनी दिसलं पाहिजे. रात्रीसाठी पाटी. आल्यावर बाबांनी तिच्या उशाजवळच्या पाटीवर काहीतरी काढून ठेवायचं, सकाळी तिने ते बघायचं. त्यांना चित्रं येत नाहीत. पहिल्या रात्रीची म्हैस डुकरासारखी दिसत होती म्हणे, आणि त्यावरून सकाळी सहाला घरात पहिल्यांदा भांडण झालं ते हसत. मुक्कामाला थांबायचं असेल तर आदल्या दिवशीच सांगायचं: उद्या बाबा आजीच्या घरी झोपणार, परवा आपल्या घरी येणार.

खोलीचं काय, असं बाबांनी विचारलंच. खोली कुठे पळून जात नाही. ज्या मुलीने साडेचार वर्षं सात माणसांच्या ओळीत झोप घेतली, तिला एका रात्रीत एकटीला ताऱ्यांखाली झोपवणं ही हौस आपली आहे, तिची नव्हे. हॉलमध्ये गाद्या घाला आणि चौघं झोपा. जुनी गोधडीही शोधून काढायला सांगितली. नवीन घर म्हणून ती बोहारणीला द्यायच्या गाठोड्यात गेली होती, नशिबाने अजून माळ्यावर होती. डोनाल्ड विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक अशा चिंध्या-गोधड्यांबद्दल १९५०च्या सुमारास फार मोलाचं सांगून गेले: ती वस्तू आई आणि जग यांच्या मधली असते, आणि ती ठेवायची की सोडायची हे मुलाने ठरवायचं. धुवायची असली तरी विचारून धुवा. तिचा वासही मुलाच्या मालकीचा असतो.

‘हेच आपलं घर’ हा वाद तर आजच बंद करा. मुलाला पत्ता ठाऊक असतो. ते पत्ता सांगत नसतं, आठवण सांगत असतं. त्यावर ‘तुला तिकडची आठवण येते ना, मलाही येते’ एवढंच पुरतं. रेवाच्या आईला मी हे वाक्य म्हणून बघायला सांगितलं आणि ‘मलाही’वर तिचा आवाज गेला. दोन खोल्यांचं, बंद दाराचं घर तिनेच वर्षानुवर्षं मागितलं होतं. आता दिवसभर ते दार बंदच असतं. आमटी उतू जाताना बाळाला धरायला शेजारची काकू नाही. आणि हे बोलायचं कुणाला, हप्ता चालू असताना? त्या घरात ‘घरी चला’ असं मोठ्याने म्हणण्याची मुभा फक्त रेवाला होती, म्हणून ती सगळ्यांच्या वाटचं म्हणत होती, असं मला वाटतं.

रात्रीचं भिजणं हळूहळू कमी होत गेलं. गणपतीत लालबागला चार दिवस राहून आल्यावर परत सुरू झालं, परतीच्या लोकलमध्ये रेवा कल्याणपर्यंत रडली, आणि आईचा घाबरून फोन आला की सगळं पाण्यात गेलं. गेलेलं नव्हतं. भेटून आलं की दुखतंच. म्हणून न्यायचंच नाही, म्हणजे विसरेल, हा उपाय मला बिलकूल मान्य नाही. पुढची खेप कधी ते कॅलेंडरवर खूण करून दाखवा आणि ती खेप चुकवू नका.

ज्यांचं सामान अजून हलायचंय त्यांच्यासाठी: घर, शाळा, वेगळी खोली, दूध तोडणं, लंगोट सोडणं हे एकाच मोसमात उरकू नका. ताब्याआधी मुलाला दोनदा नेऊन नव्या घरात त्याच्याच ताटलीत खाऊ द्या. पहिला खोका त्याचा उघडा, मिक्सरचा नंतर. दोन-तीन महिन्यांत मूल बहुधा रुळतं. त्यापुढेही ते खात नसेल, बोलणं कमी होत असेल किंवा शाळेचं नाव काढताच पोटात दुखत असेल, तर थांबू नका.

धाकट्याचं काय, असं आईने शेवटी विचारलं होतं. दीड वर्षाच्या बाळाचं जग म्हणजे आई, आणि ती सोबत आली होती. त्याचं बरं चाललं होतं. मला काळजी तिची होती. मजल्यावर किंवा खालीवर, लहान मुलं असलेली एक तरी बाई गाठ, असं मी तिला सांगितलं. चौथ्या मजल्यावर साताऱ्याची एक जुळ्यांची आई निघाली. आता संध्याकाळी तासभर दोन्ही घरांची दारं उघडी असतात आणि चार पोरं ये-जा करतात. मागच्या फोनवर तिने सांगितलं की पॅसेजमधल्या चपलांवरून सोसायटीने नोटीस लावली आहे. मी म्हटलं, रॅक आत घे, दार लावू नकोस.