पलंगाचे पाय कोणते निवडावेत?

प्रश्न (लातूर): सुताराकडून 5 बाय साडेसहा फुटांचा सागवानी पलंग करून घेतोय. 1950-60च्या काळातल्या धाटणीचा, खाली निमुळते होत गेलेल्या तिरक्या पायांचा हवा आहे. सुतार म्हणतो, पलंगाला असे पाय टिकत नाहीत, सरळ चौकोनी घ्या. काय करावं?

उत्तर: सुताराची शंका रास्त आहे, पण दोष पायाच्या आकारात नाही, सांध्यात आहे. दोन माणसं, गादी आणि सांगाडा मिळून अडीचशे किलोच्या आसपास वजन होतं. एवढं वजन सागवानी पाय सहज पेलतो. तो निखळतो पलंग ओढताना. खालचं टोक फरशीच्या सांध्यात अडकतं आणि नऊ इंचांच्या पायाचा सगळा रेटा वरच्या जोडावर येतो. बाजारात तयार पायांबरोबर मिळणारी लोखंडी पट्टी चार बारीक स्क्रूंवर असते. प्लायमधून ते स्क्रू उपटून येतात. सोफ्याला ती चालेल, पलंगाला लावू नका.

त्याऐवजी प्रत्येक कोपऱ्यात आतून 3 बाय 3 इंचांचा, 2 इंच जाड सागवानी ठोकळा बसवून घ्या. तो बाजूच्या पट्टीला फेविकॉल आणि दोन आरपार बोल्टांनी पक्का करायचा, आणि बसवतानाच 12 अंश तिरका ठेवायचा: पलंगाच्या मधल्या भागाकडचं टोक खाली, उशा-पायथ्याकडचं वर. तीन इंचांत हा फरक साधारण पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) येतो. पाय वरून काटकोनात कापून या तिरक्या ठोकळ्याला टेकवला की तिरकेपणा आपोआप साधतो. फक्त जमिनीकडचं टोक 12 अंशांत कापावं लागतं. जोडायला 10 मिमीचा हँगर बोल्ट घ्या, म्हणजे एका टोकाला लाकडात फिरवायचे आणि दुसऱ्या टोकाला नटचे आटे असलेला. तो पायात किमान 50 मिमी शिरला पाहिजे. त्यासाठी आधी 8 मिमीचं भोक पाडा, नाहीतर पाय चिरतो. वरच्या बाजूने मोठा वॉशर आणि नट. बोल्टचं वरचं टोक गादीखालच्या फळ्यांना लागणार नाही एवढी जागा ठेवा.

पायाची जाडी वर 2 इंच, खाली सव्वा इंच ठेवा. खाली एकच इंच ठेवला तर पाय जास्त देखणा दिसतो हे खरं, पण तिथे लाकूड फार कमी उरतं. लाकडाचे रेषे पायाच्या लांबीत सरळ धावणारे निवडा. रेषा मध्येच बाहेर गेली असेल, तर पाय नेमका खालच्या बारीक भागात फाटतो.

नऊ इंच उंचीला 12 अंश म्हणजे खालचं टोक सुमारे 2 इंच बाहेर जातं. म्हणून पाय कडेपासून 3 इंच आत घ्या, म्हणजे टोक गादीखालीच राहतं. तिरकेपणा फक्त पलंगाच्या लांबीच्या दिशेने ठेवावा असं आमचं मत आहे. बाजूने पाहिलं की तो पूर्ण दिसतो, आणि रात्री उतरताना बोटं आपटत नाहीत.

मधला आधार विसरू नका. पाच फूट रुंदीवर पाऊण इंचाच्या फळ्या मध्ये झुकणारच. लांबीत 3 बाय दीड इंचाची मधली पट्टी आणि तिला दोन पाय द्या. हे पाय सरळच हवेत. आत असल्याने दिसत नाहीत. सहाही पायांना खालून फिरवून उंची जुळवता येणारे नायलॉनचे खूर लावा. शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते आणि एक पाय जरी अधांतरी राहिला तरी पलंग कुरकुरतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसतं आणि बोल्ट सैल पडतात. पहिल्या मे महिन्यात सगळे नट एकदा आवळून घ्या. एरवी पलंग ओढू नका, दोघांनी उचला.

त्या काळातलाच, पण अधिक भक्कम नमुना हवा असेल तर चंदीगडसाठी स्विस वास्तुविशारद पिएर जॉनरे यांनी केलेलं सागवानी फर्निचर पाहा. त्यातल्या अनेक खुर्च्यांना उलट्या व्ही आकाराचे पाय आहेत. दोन तिरके पाय वर जुळले की त्रिकोण होतो आणि त्या दिशेला हलत नाही. पलंगाला आडवी पट्टी मात्र जोडावी लागेल.

प्रश्न (परभणी): फॅब्रिकेटरकडून लोखंडी हेअरपिन पाय (केसांच्या पिनेसारखी सळई वाकवून केलेले) करून घेतले तर स्वस्त पडतील का?

उत्तर: पडतील, पण ते टेबलाला शोभतात. पलंगाला घ्यायचेच असतील तर 12 मिमी सळई आणि दोनऐवजी तीन काड्यांचा पाय घ्या. दोन काड्यांचा पाय एका दिशेला डुलतो. वेल्डिंग वरच्या पत्र्याला पूर्ण फिरवून केलेलं हवं, नुसते टाके नकोत.

प्रश्न (अंबाजोगाई): आईचे गुडघे दुखतात. पायांची उंची किती ठेवावी?

उत्तर: कडेवर बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकाव्यात आणि गुडघे कमरेच्या किंचित खाली असावेत. बहुतेकांना गादीसह 18 ते 20 इंच सोयीचं पडतं. 9 इंच पाय, 4 इंच पट्टी आणि 6 इंच गादी मिळून 19 होतात; मात्र फळ्या पट्टीच्या वरच्या कडेला समतल असतील तरच. फळ्या खोल बसवल्या तर तेवढी उंची घटते. कापसाची गादी वर्षभरात दबते, त्यामुळे अर्धा-एक इंच जास्त धरलेलं बरं. रोज फरशी पुसताना पायांची टोकं भिजतात, म्हणून कापलेल्या टोकालाही पॉलिशचे दोन हात द्यायला सुताराला सांगा. ते बहुधा राहून जातं.