केबल पंचायतीत आली, पण पुढे?

प्रश्न : मी इंदूरला सुदामा नगरात राहते, रिटायर्ड टीचर आहे. देपालपूरकडच्या एका गावातल्या आठ मुलींना दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर गणित शिकवते. तिघी नीट दिसतात, बाकीच्यांचा आवाज तुटतो, एक तर रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसते. पंचायतीत फायबर आलंय म्हणे, पण त्या फायबरचं नेट देणारा डबा कपाटात कुलूप लावून ठेवलाय आणि त्याची लाईटपण बंद. मग नेट पोचलं असं कसं म्हणतात?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून खरंच जीव तुटला. गावोगावी फायबरने इंटरनेट न्यायची केंद्र सरकारची योजना म्हणजे भारतनेट. तिचं काम २०११ साली मंजूर झालं, तेव्हा नाव वेगळं होतं, आणि टार्गेट होतं अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं. पंचायतीपर्यंत, घरापर्यंत नाही! म्हणजे केबल आली की पंचायत हिशेबात धरली जाते, मग तो डबा चालू असो की कपाटात. त्याला वीज लागते, बॅकअप लागतो आणि पुढे घरोघरी वायर ओढणारा माणूस लागतो, तिथेच सगळं अडतं. शिवाय जुनी लाईन एकापुढे एक जोडत नेलेली, रस्त्याच्या कामात जेसीबीने कुठे तोडली की पुढची सगळी गावं बंद. २०२३ मध्ये नव्याने मंजूर झालेल्या योजनेत लाईन रिंगमध्ये टाकायचं ठरलंय, एका बाजूने तुटली तर दुसरीकडून चालते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि हे फक्त देपालपूरचं नाही. आयटीयू म्हणजे संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था, तिच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे तेव्हा जगात २६० कोटी लोक ऑफलाइन होते, आणि त्यातले बहुतेक अशा जागी राहत होते जिथे मोबाइल नेटवर्क होतं. हँडसेट परवडत नाही, घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर शेतात जातो, मुलीच्या हातात येतो रात्री नऊला. माझं तर स्पष्ट मत आहे, केबल किती किलोमीटर टाकली ते नंतर विचारा, आधी मुली किती जोडल्या गेल्या ते विचारा.

आता करायचं काय, तर पालकांना २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत डब्याचा विषय लेखी मांडायला सांगा, किल्ली कोणाकडे, बंद कधीपासून, दुरुस्तीची तक्रार केली का, आणि सचिवांकडून पोच नक्की घ्या. दुसरं, पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या सरकारी योजनेखाली किराणावालासुद्धा वायफाय देऊ शकतो, लायसन्स लागत नाही, अर्थात त्याच्याकडे आधी चांगली लाईन हवी.

तोपर्यंत व्हिडिओचा हट्ट सोडा ताई. वहीच्या पानाचा फोटो आणि त्याच्यासोबत दोन-तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा, कमी रेंजमध्येपण जातो आणि वडील शेतातून आल्यावर रात्री ऐकता येतो. आणि त्या पोरीला टाकीवर चढू देऊ नका, याच शनिवारपासून.