डंबेल घेऊ की बँड, की सरळ ट्रेडमिलच? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई. वय 42, काम दिवसभर खुर्चीत बसून. वजन तसं फार नाहीये पण दंड सैल पडलेत आणि कंबरेचा घेर वाढलाय. घरातच व्यायाम करायचाय, जागा म्हणजे पलंग आणि कपाटाच्या मधे एक मॅट मावेल एवढीच. नवरा म्हणतो ट्रेडमिल घेऊ, बहीण म्हणते पोटाचं यंत्र घे, घडी करून ठेवता येतं. एकदाच काय ते घ्यायचंय, तर काय घेऊ?

उत्तर : ट्रेडमिल नको आणि पोटाचं यंत्रही नको. लांब रेझिस्टन्स बँडचा, म्हणजे ताणून व्यायाम करायच्या रबरी पट्ट्यांचा, एक सेट आणि वजन कमीजास्त करता येतं अशी डंबेलची जोडी घ्या, तुमच्या जागेत आणि तुमच्या गरजेला हे पुरेसं आहे. का ते जरा सविस्तर सांगते, म्हणजे पुढे कुठलीही जाहिरात समोर आली तरी तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

शरीर घट्ट दिसतं ते दोन गोष्टींमुळे, आत स्नायू भरलेला असतो आणि त्याच्यावरचा चरबीचा थर पातळ असतो. तिशीनंतर काहीच केलं नाही तर स्नायू दर दहा वर्षांना साधारण 3 ते 8 टक्के घटत जातात, वजनकाट्यावर हे दिसत नाही, म्हणून वजन तेवढंच आणि दंड मात्र सैल असं होतं. हा स्नायू परत भरायचा तर त्याला ताण द्यावा लागतो आणि तो ताण हळूहळू वाढवावा लागतो, दुसरा रस्ता नाहीये. ट्रेडमिलवर दम वाढेल, हृदयाला चांगलं, ते हवंच, पण दंडांना आणि पाठीला त्यातून काही मिळत नाही, आणि चालायचं तर बाहेर रस्ता आहेच की. पोटाच्या यंत्राचं म्हणाल तर पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटावरचीच चरबी उतरत नाही, ती कुठून आधी उतरणार हे शरीर ठरवतं, आपल्या हातात नसतं. आतले स्नायू बळकट होतील, घेर मात्र एकूण खाणं आणि एकूण हालचाल यांनीच कमी होणार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचना बघितल्या तर मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि त्याशिवाय किमान 2 दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम असं सांगितलंय. ह्यातलं पहिलं बरेच जण करतात, दुसरं राहून जातं आणि मग "रोज चालते तरी फरक नाही" अशी पत्रं येतात.

आता डंबेल किती किलोचं? आकडा मी इथून सांगू शकत नाही, पण हातात घेऊन बघायची पद्धत सांगते. ज्या वजनाने 8 ते 12 वेळा व्यवस्थित होतं आणि शेवटच्या दोन-तीन वेळांना खरंच जोर लावावा लागतो, पण कंबर वाकडी होत नाही की झटका मारावा लागत नाही, ते तुमचं आजचं वजन. खांद्याला जे जड वाटेल ते स्क्वॉटला, म्हणजे उठाबशांसारखं खाली बसून उठायला, हलकं वाटणार, पाय कितीतरी ताकदवान असतात, म्हणूनच प्लेट, म्हणजे वजनाच्या चकत्या, काढता-घालता येणारी जोडी बरी. फक्त दरवेळी दोन्ही टोकांचे लॉक घट्ट फिरलेत ना ते बघा, डोक्यावर वजन उचलताना प्लेट सुटली तर वाईट लागेल.

बँड घेताना पातळ, मध्यम, जाड असे तीन तरी असू देत. रंगावर जाऊ नका, एका कंपनीचा लाल हलका असतो तर दुसरीचा लाल चांगला कडक, त्यामुळे पाकिटावर किती किलोचा ताण लिहिलाय ते वाचा. पाठीसाठी बँड हवाच असं मी म्हणेन, दाराला अडकवून स्वतःकडे ओढायचा, खांद्याची हाडं मागे एकमेकांकडे न्यायची, एक क्षण थांबायचं आणि मग हळू सोडायचं. हे हळू सोडणं बरेच जण गाळतात आणि अर्धा फायदा तिथेच जातो. एक मात्र लक्षात ठेवा, दार ओढल्यावर बंद होईल अशाच बाजूला उभं राहायचं आणि कडी लावायची, नाहीतर दार उघडून अंगावर येतं. बँड उन्हात टाकू नका, आणि वापरायच्या आधी ताणून बारीक चिरा पडल्यात का ते बघा, चीर दिसली की तो बँड गेला. रबराची ॲलर्जी असेल तर लेटेक्स नसलेले मिळतात.

प्रश्न : मी 1 किलोचे डंबेल घेतलेत कारण जड उचललं की बायकांचे दंड पुरुषांसारखे होतात असं ऐकलंय. बरेच महिने रोज खूप वेळा करते, दंडात फरक काहीच नाही. अजून वेळा वाढवू का?

उत्तर : वेळा नका वाढवू, वजन वाढवा. तुम्ही जे ऐकलंय ते अगदी मनातून काढून टाका ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण ह्या एका भीतीपायी कितीतरी बायका हलक्या वजनावर अडकून राहतात. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं संप्रेरक, पुरुषांच्या मानाने खूपच कमी असतं, आणि तसे मोठे स्नायू करायला वर्षानुवर्षं मुद्दाम खटपट करावी लागते, ते चुकून होत नाही. 1 किलो तुमच्या हाताला आता काहीच वाटत नाहीये, म्हणजे स्नायूला बदलायचं कारणच मिळत नाहीये. जे 15 वेळा आरामात होतं ते सोडून वरचं घ्या, एक दिवस आड करा, मधला दिवस स्नायूला भरून यायला लागतो. दंडाचा मागचा भाग सैल वाटत असेल तर नुसतं कोपर वाकवून डंबेल वर आणू नका, त्याने पुढचा स्नायू काम करतो, मागच्यासाठी कोपर सरळ करण्याचे व्यायाम हवेत, म्हणजे डोक्यामागून डंबेल वर नेणं किंवा पलंगाच्या कडेला हात टेकून पुशअप.

प्रश्न : कंप देणारा पट्टा, घाम आणणारा पट्टा, नाहीतर पोटाला विजेचे हलके झटके देणारं मशीन, बसल्या बसल्या यातलं काय चालतं?

उत्तर : चरबी उतरवायला काहीच नाही. घामाच्या पट्ट्याने पाणी जातं, पाणी प्यायलात की वजन परत जागेवर. झटक्यांचं तंत्र फिजिओथेरपीत कमजोर स्नायूंसाठी वापरतात ते खरं आहे, पण त्याने पोट सपाट होतं हा दावा वेगळा, फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने 2002 मध्येच अशा पोटाच्या पट्ट्यांच्या जाहिरातींवर कारवाई केली होती.

प्रश्न : वय 63, गुडघे कुरकुरतात. मुलं ट्रेडमिल किंवा घरात एका जागी चालवायची व्यायामाची सायकल घेऊन देतो म्हणतायत. घरात चार वर्षांचा नातू पण आहे.

उत्तर : काका, सायकल घ्या. पण आधी गुडघे डॉक्टरांना दाखवा, दुखणं नेमकं कसलं ते कळू दे. सायकलवर अंगाचा भार सीटवर जातो म्हणून गुडघ्याला सोपं पडतं, आणि पाठीला टेकू असलेली सायकल मिळाली तर कंबरेलाही आराम. मॅग्नेटिक रेझिस्टन्सची, म्हणजे चुंबकाने चाकाला अडवणारी, बघा, आवाज कमी आणि झीजही कमी. सीटची उंची मात्र जुळवाच, ती खाली राहिली की गुडघा जास्त वाकतो आणि दुखणं वाढतं. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे, मग चालवताना पावलाचा पुढचा भाग पेडलवर ठेवलात की गुडघ्यात थोडासाच बाक राहील, तेवढाच हवा. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं पण करा, मांड्या बळकट झाल्या की गुडघ्याला मोठा आधार मिळतो, नुसत्या सायकलने तेवढं होत नाही.

नातवामुळे तर ट्रेडमिल नकोच म्हणेन, फिरत्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला लहान मुलांचे हात अडकून वाईट जखमा होतात. सायकललासुद्धा पेडल आणि चाक पूर्ण झाकलेलं आहे ना ते बघून घ्या, आणि तुम्ही चालवताना नातू दुसऱ्या खोलीत असू दे.