मी ६२, पत्नी ४७. थायलंडमध्ये निवृत्तीनंतर राहायचं तर दोघांचे ८-८ लाख बाट दाखवावे लागतील का?

नाही, तुमच्या एकट्याच्या नावावरचे ८ लाख बाट पुरतात. पत्नीला तुमच्यावर अवलंबून असलेली जोडीदार म्हणून मुक्कामाची वर्षाची मुदतवाढ मिळते. तिथल्या इमिग्रेशनच्या नियमात वयाची ५० वर्षांची आणि पैशांची अट मुख्य अर्जदाराला आहे, जोडीदाराला नाही. मात्र तिच्याकडेही आधी नॉन-इमिग्रंट व्हिसा (पर्यटक व्हिसा नव्हे) हवा, आणि विवाह नोंदणीचा दाखला प्रमाणित करून थाई भाषांतरासह लागतो. हे काम भारतातूनच उरकून जा, तिकडे बसून फार दमछाक होते. पैसे थाई बँकेत अर्जाआधी २ महिने आणि मंजुरीनंतर ३ महिने तसेच ठेवायचे, पुढेही ४ लाखांखाली जाऊ द्यायचे नाहीत. अर्जाच्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन पासबुकात ताजी नोंद करून घ्या, ती बघतात. खातं शक्यतो तुमच्या एकट्याच्या नावावर ठेवा. संयुक्त खात्यातली निम्मीच रक्कम तुमची धरली जाऊ शकते.

एक गोष्ट मनावर घ्याच: पत्नीचा मुक्काम तुमच्या मुदतवाढीला बांधलेला असतो. तुमचं काही बरंवाईट झालं तर तिचाही आधार जातो. म्हणून त्या ५० च्या झाल्या की, जमत असेल तर, त्यांचं वेगळं खातं आणि वेगळा अर्ज करा.