परदेशी विद्यार्थी, स्टेट युनिव्हर्सिटी आणि बारा युनिटांचा हिशेब

"मॅडम, स्टेट युनिव्हर्सिटीत परदेशी मुलांना ट्रान्सफरवर घेतच नाहीत म्हणे. तिथल्या जागा तिथल्या मुलांसाठीच असतात. खरं आहे का?"

अमेरिकेतल्या पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड लागले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. या वेळी विचारणारे होते संगमनेरचे एक वडील. मुलगी बारावीनंतर कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) गेलेली. दोन वर्षं तिथे कमी फीत काढायची आणि तिसऱ्या वर्षापासून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी या सरकारी विद्यापीठाच्या एखाद्या कॅम्पसवर जायचं, असा बेत. यालाच ट्रान्सफर म्हणतात. घर गहाण ठेवून कर्ज काढलेलं, आणि नात्यातल्या कुणीतरी सांगितलेलं की हा रस्ता पुढे बंदच आहे. (मुलगी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. यूसीच्या रीजंट्सनी, म्हणजे नियामक मंडळाने, 2017 मध्ये राज्याबाहेरच्या (परदेशी धरून) पदवी विद्यार्थ्यांवर मर्यादा घातली. पाच कॅम्पसना 18 टक्के, आणि बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, अर्व्हाइन इथे प्रमाण आधीच त्याहून जास्त होतं म्हणून तेव्हा होतं तिथेच थांबवलं. ट्रान्सफरसाठी किमान जीपीए (चारपैकी ग्रेडची सरासरी) राज्यातल्या मुलांना 2.4, बाहेरच्यांना 2.8. म्हणजे फरक करतात, हे मान्यच करायला हवं. पण त्याच विद्यापीठात ट्रान्सफरवर येणाऱ्यांमध्ये कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतल्या मुलांचा वाटा प्रचंड मोठा आहे, आणि त्यांना प्राधान्य देण्याचं धोरणही आहे. ही मुलगी त्याच दारात उभी होती. संगमनेरहून ते दिसत नव्हतं, इतकंच.

मी वडिलांना म्हटलं, "तुम्ही काळजी करताय ती पासपोर्टची. मला आधी तिचे विषय बघू द्या."

मुलीने ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) पाठवलं. पहिल्या सेमिस्टरला 12 युनिट (म्हणजे क्रेडिट), ग्रेड छान, पण त्यातला तीन युनिटांचा इंग्रजीचा कोर्स ट्रान्सफरच्या पातळीखालचा. यूसीच्या हिशेबात 9 युनिटच धरली जाणार. दुसऱ्या सेमिस्टरलाही तिने 12 च निवडली होती. मी विचारलं, "बाराच का गं?" ती म्हणाली, "इंटरनॅशनल ऑफिसने सांगितलं, फुल टाइम म्हणजे बारा. तेवढी घेतली की व्हिसा सांभाळला जातो."

ऑफिसने सांगितलं ते बरोबरच होतं. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टरला किमान 12 युनिट लागतात. पण यूसीत तिसऱ्या वर्षाला प्रवेश हवा तर 60 सेमिस्टर युनिट लागतात, तीही ज्या फॉलला (सप्टेंबरच्या सुमाराच्या सत्राला) जायचं त्याआधीच्या स्प्रिंगअखेर (उन्हाळ्याआधीच्या सत्राअखेर). बारा चोक अठ्ठेचाळीस. व्हिसाचा नियम चोख पाळूनही मूल बारा युनिट मागे राहतं, आणि हे बहुतेकांना दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरात, अर्ज भरायला बसल्यावर कळतं. तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं. ट्रान्सफर हुकलेल्या मुलांच्या कहाण्या ऐकते तेव्हा मला पुष्कळदा हेच गणित चुकलेलं दिसतं. पालक मात्र "परदेशी म्हणून घेतलं नाही" असं धरून चालतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येण्यासारखं असतं.

आम्ही मुलीबरोबर बसून मांडणी केली. आधीची 9. चालू सेमिस्टरला उशिरा सुरू होणारा एक युनिटाचा कोर्स जोडून 13. उन्हाळ्यात 8. पुढच्या दोन्ही सेमिस्टरना पंधरा-पंधरा. एकूण बरोबर 60. उन्हाळ्यात घरी यायचं तिचं तिकीट रद्द करावं लागलं. आई फोनवर रडली, पण तारखा बदलण्यासारख्या नव्हत्या.

युनिटं भरली म्हणून प्रवेश मिळतो असंही नाही. कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसवर कशाच्या जागी धरला जातो, हे कॅलिफोर्नियात असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर मोफत बघता येतं. आपलं कॉलेज, हवा तो कॅम्पस आणि विषय निवडला की यादीच समोर येते. प्रत्येक मुलाने पहिला कोर्स निवडायच्या आधी ही यादी उघडावी, असा माझा आग्रह असतो. त्याशिवाय सात कोर्सांची अट सगळ्यांनाच आहे: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, बाकी चार इतर शाखांतून.

आता विषयाचा प्रश्न. वडिलांना कॉम्प्युटर सायन्सच हवं होतं. मुलीला मॅक्रोइकॉनॉमिक्समध्ये 'ए' मिळालेला, आणि त्याबद्दल बोलताना तिचा आवाजच बदलायचा. यूसीच्या सहा कॅम्पसवर, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ इथे, कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना टॅग ही लेखी प्रवेशहमी मिळते. ठरलेले कोर्स, ठरलेला जीपीए, सप्टेंबरमध्ये वेगळा अर्ज. अटी पाळल्या की प्रवेश नक्की. ही हमी परदेशी विद्यार्थ्यांनाही आहे, आणि संगमनेरच्या प्रश्नाला यापेक्षा स्पष्ट उत्तर माझ्याकडे नव्हतं. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. एका वर्षी एकाच कॅम्पसची हमी मागता येते आणि सगळे विषय त्यात बसत नाहीत. सांता बार्बरात कॉम्प्युटर सायन्स इंजिनिअरिंगच्या कॉलेजात येतं, तिथे हमी लागूच नाही.

मी वडिलांना स्पष्ट सांगितलं, की कॉम्प्युटरसाठी अर्ज जरूर करता येईल, पण तिथे चुरस सगळ्यात जास्त आहे आणि तिचे गणिताचे कोर्स उशिरा सुरू झालेत. अर्थशास्त्रासाठी लागणारं कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, मायक्रो आणि मॅक्रो तिच्या मांडणीत बसत होतं. ते आठवडाभर गप्प होते. मग त्यांचा फोन आला, "तिला जे जमतंय ते करू द्या."

पैशांचं बोलणं मी कधीच शेवटावर ठेवत नाही, इथेही ठेवलं नाही. कम्युनिटी कॉलेजात बाहेरच्या मुलाची फी वर्षाला साधारण दहा-बारा हजार डॉलर. यूसीत 2025-26 ला नव्याने येणाऱ्या राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर 37,602 डॉलरचा जादा आकार आहे; दोन्ही मिळून बावन्न हजारांच्या पुढे, राहणं-खाणं वेगळं. एफ-1 वर कितीही वर्षं राहिलं तरी फीपुरतं कॅलिफोर्नियाचं रहिवासी होता येत नाही. म्हणून सॅन होजे स्टेटसारखी कॅल स्टेटची, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या दुसऱ्या सरकारी समूहातली विद्यापीठंही यादीत घेतली, तिथला बोजा बराच हलका असतो. कर्जाची रक्कम वाढवून मिळणार का, हे बँकेला अर्जाआधी विचारायला लावलं. प्रवेश मिळून पैशांअभावी सोडावा लागणं, हे मूल फार काळ मनात धरून बसतं.

पुण्या-नाशिकहून पहिलं वर्ष करून थेट तिथे जाऊ पाहणाऱ्यांनाही इथेच सांगते: असिस्टवर आपल्या विद्यापीठांचे कोर्स नाहीत, हमी नाही, प्राधान्यही नाही. रस्ता बंद नाही, पण तो वेगळा आणि कठीण आहे. इतर राज्यांचे करार निराळे आहेत. व्हर्जिनियाच्या कम्युनिटी कॉलेजांचेही तिथल्या सरकारी विद्यापीठांशी हमीचे करार आहेत. एका राज्याचा सल्ला दुसऱ्या राज्यात चालत नाही.

मुलीने डेव्हिसची हमी मागितली. तिथे किमान 3.2 जीपीए लागतो, काही विषयांना जास्त, तिचा 3.6 होता. मुख्य अर्जात बर्कली आणि लॉस एंजेलिसही टाकले. जानेवारीत ग्रेड आणि चालू कोर्स कळवायचे असतात, ते तिने आठवणीने केलं. हे राहिलं तर हमीसुद्धा धोक्यात येते. एप्रिलमध्ये बर्कली आणि लॉस एंजेलिसचा नकार आला, डेव्हिसचा होकार.

मग व्हिसाची घालमेल. तिला लगेच सगळी कागदपत्रं हलवायची होती. मी थांबवलं. सेविसमधलं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेतलं रेकॉर्ड नव्या विद्यापीठाकडे सोडण्याची तारीख ठरते आणि ती उलटली की जुन्या कॉलेजच्या हातात काही राहत नाही. म्हणून शेवटची परीक्षा होईपर्यंतची तारीख कॉलेजच्या डीएसओशी (परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याशी) बोलून घ्यायला लावली. रेकॉर्ड सोडल्यापासून पाच महिन्यांत नवे वर्ग सुरू व्हावे लागतात. डेव्हिसचे वर्ग सप्टेंबरअखेर सुरू होतात, त्या मुदतीत ते बसत होतं.

त्या उन्हाळ्यात मात्र ती संगमनेरला आली. परत जाताना वडिलांनी शेवटचा फोन केला: व्हिसावर जुन्या कॉलेजचं नाव आहे, विमानतळावर अडवतील का? व्हिसाची मुदत शिल्लक होती, डेव्हिसचा नवा आय-20 (विद्यापीठ व्हिसासाठी देतं ते कागदपत्र) हातात होता आणि त्यावरचा सेविस क्रमांक जुनाच होता. त्यासाठी नवा व्हिसा लागत नाही. आय-20, प्रवेशपत्र आणि बँकेचं पत्र हँडबॅगेत ठेवायला सांगितलं, चेक-इनच्या सामानात नाही.