"शिक्का बसेल ना हो?"

"चाचणी केली तर मुलावर शिक्का बसेल ना हो?" शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणून मुलांच्या वाचन-लेखनातील अडचणी तपासताना हा प्रश्न मी इतक्या पालकांकडून ऐकला आहे की, सहावीतल्या एका मुलाच्या निमित्ताने त्याचे उत्तर लिहावेसे वाटले.

वडील पहिल्याच भेटीत म्हणाले, "तोंडी सगळं येतं, मॅडम. लिहायला बसवलं की कंटाळा करतो." मी मुलाला जलचक्र सांगायला लावले. बाष्पीभवनापासून पावसापर्यंत तो न अडखळता बोलला. तेच लिहायला दिल्यावर मात्र वीस मिनिटांत अडीच ओळी झाल्या. 'किनारा' लिहिताना त्याने आधी 'क' काढला, वेलांटीला डावीकडे जागा उरली नाही म्हणून खोडला आणि पुन्हा तसाच काढला. ऱ्हस्व वेलांटी ऐकू येते व्यंजनानंतर आणि कागदावर बसते त्याच्या आधी. आपला हात सरावलेला असल्याने ही अडचण आपल्याला दिसतच नाही.

चाचणीचा विषय निघताच आईने शिक्क्याची भीती बोलून दाखवली. त्यावर मुलगाच हळूच म्हणाला, "शिक्का आहेच की. वर्गात मला 'ढ' म्हणतात."

वडिलांनी मान खाली घातली. मला पुढे फारसे समजवावे लागले नाही. आपण अडचणीचे खरे नाव शोधले नाही, तर वर्ग मुलाला खोटे नाव देऊन मोकळा होतो, हे त्या दिवशी मला लख्ख कळले.

तपासणीत बुद्धिमत्ता सरासरीहून सरस आणि वाचन-लेखन तिसरीच्या पातळीचे आढळले. बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन मागे राहते, अशा अध्ययन अक्षमतेचा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत समावेश आहे. सवलतींसाठीचे प्रमाणपत्र शासनमान्य रुग्णालयातून मिळते. पात्र ठरलेल्यांना लेखनिक, जादा वेळ अशा सोयी मिळू शकतात. पालक बहुधा इथेच थांबतात. मी थांबू देत नाही, कारण मूल मदतीने काय करू शकते हे पाहूनच त्याला शिकवावे, असे मी मानते, आणि ती मदत वर्गातच व्हायला हवी. म्हणून वर्गशिक्षिकेसोबत बसून ठरवले: फळ्यावरचे उतरवण्याऐवजी छापील टिपण द्यायचे, प्रश्न वाचून दाखवायचे, विज्ञानात शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत.

दिवाळीनंतर तो वही घेऊन आला. प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी त्याने हिरव्या पेनाने आधी काढली होती आणि अक्षर नंतर निळ्याने.